मावशीनं बांधलेलं इंजिन

माझी मोठी मावशी दात बनवते. दवाखाना तिचा नव्हे, तो डॉक्टरांचा. पण दवाखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या लांब बाकावर बसून ती लोकांच्या कवळ्या आणि कॅपा तयार करते. आधी मेणाचा साचा, मग धातू, मग तासन्‌तास घासणं. तिचं काम तोंडात घेऊन फिरणाऱ्या निम्म्या लोकांनी तिला कधी पाहिलेलंही नाही. तिनं लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची सोयही कुणाला ठेवली नाही. आजी तिच्याजवळ राहते. घर चढावर, अगदी वरच्या टोकाला. तिथून पुढं रस्ता नाही, नुसती पाण्याची टाकी आणि काटेरी झुडपं.

या घरावरून मामा आणि मावशीचं जुनं वाजलेलं. मामा खाली सपाटीवर लिफ्ट असलेल्या इमारतीत राहतो. आजीचे गुडघे गेल्यापासून त्यानं एकच धोशा लावला होता, की आईला माझ्याकडे आणा आणि वरचं घर विकून टाका. मामा वाईट माणूस नाही. त्याला आईची काळजी आहे, पण त्याच्या तोंडून काळजीसुद्धा हुकूम होऊनच बाहेर पडते. आजीला मात्र घर सोडायचं नव्हतं. तिच्या खिडकीतून तिला सगळे लोक दिसतात आणि लोकांना ती दिसत नाही, हे सुख तिला कुठल्याही लिफ्टपेक्षा मोठं वाटायचं. आणि मावशीकडे गाडी होती. दवाखाना, बाजार, कुणाकडे जाणं-येणं, सगळं गाडीनं होत होतं, तोवर मामाला फार बोलता येत नव्हतं.

गाडी डॉक्टरांचीच जुनी. त्यांनी नवी घेतली तेव्हा उंदराच्या रंगाची ही छोटी गाडी मावशीकडे आली. इंजिन हजार सीसीचं, म्हणजे मुळातच अशक्त, त्यात वय झालेलं. सपाटीवर ती बरी चालायची. चढाला लागली की तिला धाप लागायची, आणि गेल्या एक-दोन वर्षांत तर मावशी खालच्या वळणावरच मनाची तयारी करून पहिला गिअर टाकायची.

एके दिवशी गाडीत मावशी, आजी, माझी आई आणि मागं गॅसचा सिलिंडर होता. चढाच्या मध्यावर इंजिन बंद पडलं. गाडी मागं सरकायला लागली. मावशीनं हँडब्रेक ओढला, आई खाली उतरून चाकामागं दगड लावायला धावली. आजीही उतरली, भिंतीला हात लावत लावत पुढं गेली आणि कुणाच्या तरी पायरीवर टेकली. मागून उस्तादची जीप आली आणि हॉर्न वाजवत उभी राहिली.

उस्ताद म्हणजे चढाच्या पायथ्याच्या मोठ्या गॅरेजचा मालक. त्याला सगळे उस्तादच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. तो उतरला आणि कुणी न विचारता त्यानं बॉनेट उघडलं.

"बाई, इंजिन म्हातारं झालंय," तो म्हणाला. "उगाच हिला वर न्यायची जबरदस्ती करू नका. विकून टाका, आणि आजींना खाली सपाटीवर न्या."

हे शेवटचं वाक्य त्याचं नव्हतं. मामाची गाडी त्याच्याच गॅरेजात असते, हे मावशीला माहीत होतं. तिनं काही बोलायच्या आधी पायरीवरून आजी म्हणाली, "मला न्या म्हणजे? मी काय सिलिंडर आहे?"

आईला हसू आवरेना. मावशी हसली नाही. तिनं बॉनेट उस्तादच्या हातातून घेऊन खाली आपटलं आणि सांगितलं, "विकायची नाही. इंजिन बांधायचंय."

"कोण बांधणार?"

"मी."

त्यानं वाद घातला नाही. तसंच खांदे उडवून जीपमध्ये जाऊन बसला, आणि वाद घातला असता तर बरं, असं मावशीला वाटलं. हे तिनंच मला नंतर सांगितलं.

मी तेव्हा नोकरीसाठी दुसरीकडे राहत होते आणि सुट्टीला यायचे, त्यामुळे पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी दिसलं. पहिल्या सुट्टीत आले तेव्हा ती भंगारवाल्याकडे खेपा घालत होती. नवीन सामान घ्यायची तिची ऐपत नव्हती आणि कर्ज काढायची तयारी नव्हती. तिनं आधी वाचलं, लोकांना विचारलं, आणि एवढं शोधून काढलं की त्याच कंपनीची एक माल वाहायची व्हॅन होती, तिचं इंजिन साडेबाराशेचं, पण घराणं तेच. म्हणजे तिच्या गाडीत ते जसंच्या तसं बसणार होतं. अशी एक व्हॅन, मागून चेपलेली, भंगारवाल्याच्या आवारात गवतात उभी होती. भंगारवाल्याच्या वडिलांना कवळी हवी होती. डॉक्टरांनी माप घेतलं, मावशीनं रजेच्या दिवशी कवळी बनवली, आणि इंजिन हातगाडीवरून चढ चढलं. आमच्या घराण्यात दातांवर इंजिन मिळवणारी ती पहिलीच.

दुसऱ्या सुट्टीत आले तेव्हा जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नव्हती. इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचा तो जड भाग ज्यातून पेट्रोल-हवा आत जाते आणि धूर बाहेर येतो, टेबलावर पालथं पडलेलं. आजीनं आपलं ताट मांडीवर घेतलेलं. घरभर रॉकेलचा वास. आजी तक्रार करत होती, पण तक्रार करता करता पिस्टन पुसून तिच्या जुन्या लोकरी मोज्यांत घालून ठेवत होती, ओरखडा नको म्हणून.

कारखान्यात असल्या इंजिनात हवेच्या वाटा ओबडधोबड सोडलेल्या असतात. आत खरखरीत, सांध्याशी पायरी. हवा अडखळत आत जाते, आणि जेवढी कमी हवा तेवढी कमी ताकद. त्या वाटा गुळगुळीत केल्या तर इंजिनाला मोकळा श्वास मिळतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत; लागतो तो हात आणि धीर. मावशीकडे दोन्ही होतं. दात कोरायची बारीक यंत्रं झिजली की दवाखान्यातून कचऱ्यात जायची. ती तिनं डॉक्टरांना विचारून उचलली. दातावर जो निळा कागद ठेवून चावायला सांगतात, कुठं जास्त लागतंय ते बघायला, तोच कागद तिनं इंजिनाच्या सांध्यात ठेवला. जिथं निळं उमटलं तिथं घासलं. पुन्हा कागद, पुन्हा घासणं.

इंजिनाचे सिलिंडर, म्हणजे पिस्टन ज्यांत खाली-वर होतात त्या नळ्या, कोरण्याचं काम तेवढं तिनं बाहेर लेथवाल्याकडे दिलं, कारण ते घरी होत नाही. आणि इथंच तिचा हट्ट आडवा आला. डोक्याचा तळ थोडा तासला की आतली जागा कमी होते, मिश्रण जास्त दाबलं जातं आणि स्फोट जोरात होतो. हा ताकद वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय. लेथवाला म्हणाला, एवढं पुरे. मावशी म्हणाली, अजून. त्यानं पुन्हा सांगितलं की साधं पेट्रोल एवढा दाब सोसणार नाही. ती म्हणाली, पैसे मी देतेय ना, मग काढ. लेथवाल्यानं काढलं.

गाडी पहिल्यांदा चढवायची तेव्हा तिनं मुद्दाम मामाला बोलावलं. मामा शेजारच्या सीटवर बसला, मी मागं. पायथ्यापासून गाडी अशी सुटली की मामानं दाराची मूठ धरली. मग मधल्या वळणावर आवाज यायला लागला, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखा. मावशीला तो ऐकू आला होता. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, एवढंच करायचं होतं. पण शेजारी मामा होता. तिनं पाय अजून दाबला. खाडकन काहीतरी तुटलं, मागच्या काचेत निळा धूर भरला, आणि गाडी त्याच पायरीच्या जरा पुढं जाऊन थांबली जिथं आजी बसली होती.

मामानं दाराची मूठ सोडली. उतरला आणि चालत वर गेला. आजीजवळ बसून चहा घेतला, आणि जाताना म्हणाला की महिनाअखेर घराचं बघू. मी आणि दोन शेजाऱ्यांनी गाडी ढकलत वर आणली. त्या संध्याकाळी मावशी शेडमध्ये उलट्या बादलीवर नुसती बसून होती. मी जवळ गेले. मला वाटलं, आता सोडेल.

"मामा म्हणाला तसं हट्टच झाला ना गं?" मी विचारलं. मामा तसं म्हणाला नव्हता, मीच म्हणत होते.

"हट्टच," ती म्हणाली. "हट्ट ठेवते. कान बंद केले ते चुकलं."

दुसऱ्या दिवशी तिनं इंजिन उघडलं. एका पिस्टनचा वरचा काठ तुटून गेला होता, बाकीचे तीन शाबूत. ती बराच वेळ त्या चारांकडे बघत राहिली. एकच का तुटला? चौघांना सारखंच पेट्रोल, सारखीच हवा. मग तिनं दवाखान्यातली काचेची पिचकारी आणली, डोकं उलटं करून प्रत्येक पोकळीत थेंबाथेंबानं तेल भरलं आणि किती मावतं ते बघितलं. तुटलेल्या पिस्टनच्या वरची पोकळी बाकीच्यांपेक्षा लहान निघाली. दाब सगळीकडे जास्त होता, पण तिथं सगळ्यात जास्त.

"कवळीत एक दात उंच राहिला तर माणूस म्हणतो सगळी कवळीच दुखते," ती मला म्हणाली. "आणि मी मूर्खासारखी सगळेच दात उंच करत बसले."

यानंतरचं इंजिन वेगळं होतं. भंगारवाल्याकडून दुसरं डोकं आणि तुटलेल्याच्या जागी एक पिस्टन आला. त्याला ते द्यायची घाई नव्हती, पण त्याच्या वडिलांना आता आक्रोड फोडता येत होते, त्यामुळे घरातून दबाव आला. या वेळी मावशीनं लेथवाल्याला विचारलं, किती काढायचं, आणि त्यानं सांगितलं तेवढंच काढून घेतलं. चारही पोकळ्या एकमेकींशी जुळेपर्यंत घासल्या. पिस्टन दवाखान्यातल्या धातू तोलायच्या काट्यावर घालून, जड होते त्यांना आतून कोरून, सगळ्यात हलक्याच्या बरोबरीला आणले. गेट-खिडक्या करणाऱ्या वेल्डरनं पाइपाचे वाकडे तुकडे जोडून धूर बाहेर न्यायचे चार लांब नळ केले. दिसायला ते आतड्यांसारखे दिसायचे. महिनाअखेर आली, मामा आला, मावशी त्याला म्हणाली की पाय पुसून आत ये, फरशीवर तेल आहे. घराचं बोलणं त्या दिवशी निघालंच नाही.

ते इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मी तिथं नव्हते. आईनं फोनवर सांगितलं की गाडी आजी, आई, गॅसचा सिलिंडर आणि किराण्यासकट दुसऱ्या गिअरमध्ये वर आली. मावशी वरच्या टोकाला थांबलीही नाही. टाकीपाशी गाडी वळवून खाली गेली आणि पुन्हा वर आली. आजी म्हणाली, अजून एकदा.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. मावशीला हवं होतं ते झालं होतं. पण उस्ताद गॅरेजात बसून म्हणाला की आवाज मोठा केला म्हणजे ताकद वाढत नाही, एवढं आहे तर खाणीवर आणा. लेथवाल्यानं ते मावशीपर्यंत पोचवलं, आणि पोचवताना त्यात स्वतःचं थोडं घातलं असणार.

खाण म्हणजे बंद पडलेली दगडाची खाण. तिच्या कडेनं वळणं घेत रस्ता वर जातो. वर्षातून एकदा मोटर क्लब तो रस्ता बंद करून चढाची शर्यत घेतो. गाड्या एकामागून एक सुटतात, घड्याळ लावलेलं असतं. उस्ताद दर वर्षी उतरतो, तेराशेपर्यंतच्या गटात. मावशीनं त्याच गटात नाव दिलं. नाव घेणाऱ्या माणसानं चालक कोण म्हणून विचारलं, ती म्हणाली मी. मेकॅनिक कोण, मी. तो तिच्या खांद्यामागं बघत राहिला, कुणीतरी येईल म्हणून. शेवटी तिनंच त्याच्या हातातलं पेन घेऊन लिहिलं.

शर्यतीच्या दिवशी मामासुद्धा आला. आजीसाठी घडीची खुर्ची आणि छत्री घेऊन, ती पडेल म्हणून आलो असं सांगत. आम्ही मधल्या वळणावर उभे होतो. खालून आधी आवाज आला. बाकीच्या गाड्या किंचाळत येत होत्या, ही जाड आवाजात, सलग, न अडखळता आली. वळणावर तिनं जरा जास्तच आतून घेतली, चाकाखालची खडी उडून मामाच्या छत्रीवर पडली, आणि ती वर दिसेनाशी झाली. मामा छत्री झटकत राहिला. मग हळूच मला म्हणाला, "डब्याचा आवाज नाही आला."

आमच्या कुणाच्याच ओळखीचा नसलेला एक चालक, ट्रेलरवर गाडी घालून आलेला, पहिला आला, आणि चांगल्या अंतरानं. मावशी दुसरी. उस्ताद तिसरा.

निकाल लागल्यावर उस्तादनं हरकत घेतली. नियमात तशी सोय आहे. कुणाच्या इंजिनाबद्दल शंका असेल तर ते उघडून मोजायला लावता येतं. ही गाडी मुळात हजारची, तो म्हणाला, आता ही तेराशेच्या वर आहे हे आंधळाही सांगेल. भोवती गर्दी जमली. क्लबचा तपासनीस, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला म्हातारा, मावशीला समजावायला लागला की तुम्ही नाही म्हणू शकता, फक्त निकालातून नाव काढावं लागेल. लोक म्हणतात काढून टाका, कशाला सगळं इंजिन खोलत बसता, असं तो अगदी मायेनं सांगत होता.

"उघडते," मावशी म्हणाली. "पण हात माझेच लागतील. दुसऱ्या कुणाचा स्पॅनर याला लागणार नाही."

इंजिन थंड व्हायला वेळ लागतो. तोवर तिनं जमिनीवर जुनी चादर अंथरली, हत्यारं मांडली, केस बांधले. मग एकेक बोल्ट काढत गेली. कुणी सूचना केली तर ती थांबायची, त्या माणसाकडे बघायची, आणि तो गप्प झाला की पुढं काम करायची. डोकं उचललं तेव्हा आतल्या वाटा उन्हात चमकल्या. पुढं वाकलेल्यांपैकी एकजण म्हणाला, हे कुठं करून घेतलं. मावशीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. तपासनीसानं चष्मा चढवला, सिलिंडरची रुंदी मोजली, पिस्टन खाली-वर करून उंची मोजली, हिशोब केला, पुन्हा केला. तेराशेच्या आत.

तिनं नियम नीट वाचलेले होते. हरकत खोटी ठरली तर इंजिन पुन्हा लावायला लागणारं सामान हरकत घेणाऱ्यानं द्यायचं असतं, आणि एकदा उघडलेल्या सांध्यात दाबून बसवलेलं पातळ गॅस्केट पुन्हा वापरता येत नाही. तिनं तपासनीसाला तेवढंच दाखवलं. उस्तादनं आपल्या माणसाला गॅरेजात पिटाळलं. वाट बघत असताना कुणीतरी तिला सुचवलं की आता तुम्हीही हरकत घ्या, त्याचंही उघडायला लावा, वेळ अजून आहे.

"कशाला?" मावशी म्हणाली. "तो माझ्या मागं आहे."

हे ती मोठ्यानं बोलली नव्हती, पण ऐकायचं त्यानं ऐकलं. उस्ताद लाल झाला. मग गॅस्केट आल्यावर ते स्वतःच्या हातानं आणून त्यानं चादरीवर ठेवलं, नीट, पाकिटासकट, आणि थोडा वेळ तिथंच उभा राहून ती कशी लावते ते बघत राहिला. काय वाटलं असेल ते त्याचं त्याला माहीत. ती त्याला या बसा म्हणाली नाही, आणि जा असंही म्हणाली नाही.

इंजिन जोडायला बराच वेळ गेला. गर्दी पांगली, ट्रेलरवाला गेला, क्लबवाल्यांनी दोऱ्या गुंडाळल्या. मामा इस्त्रीची पँट घालून चादरीच्या कडेला मांडी ठोकून बसला होता आणि ज्या क्रमानं ती मागेल त्या क्रमानं बोल्ट पुसून तिच्या हातात देत होता. घराबद्दल तो अजूनही अधूनमधून बोलतो. पण आता विचारतो, आणि उत्तर नाही आलं की चहा पितो.

दोन दिवसांनी स्थानिक पेपरात आतल्या पानावर बातमी आली. मथळा होता, 'गृहिणीनेही लुटला शर्यतीचा आनंद'. खाली मावशीचा फोटो, आणि लिहिलं होतं की या हौशी गृहिणीनं पतीच्या प्रोत्साहनानं भाग घेतला. आजीनं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, हा पती कुठला, मला तर कुणी दाखवला नाही.

मावशीनं दवाखान्यातून अर्धा दिवस रजा घेतली. पेपरच्या कचेरीत गेली, ज्यानं बातमी लिहिली त्याच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसली. त्यानं समजावलं की ताई, बातमी चांगलीच आहे, कौतुकच केलंय. ती म्हणाली, कौतुक नको, दुरुस्ती हवी. तो म्हणाला, एवढ्या बारीक गोष्टीची दुरुस्ती छापत नाहीत. ती म्हणाली, मग मी बसते. तिच्या पर्समध्ये एक अर्धी झालेली कवळी होती. ती तिनं काढली, त्याच्या टेबलावर कागद पसरला आणि पॉलिशच्या कापडानं शांतपणे घासायला सुरुवात केली. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. शेवटी संपादकानं आतून येऊन विचारलं की बाई, नक्की काय छापायचंय.

दुसऱ्या दिवशी, हवामानाच्या खाली, दोन ओळी आल्या. शर्यतीत दुसऱ्या आलेल्या बाई गृहिणी नसून दंततंत्रज्ञ आहेत, आणि इंजिन त्यांनी स्वतः बांधले आहे.

मावशीनं वाचून पेपर आजीला दिला. म्हणाली, "'बांधले आहे' बरोबर आहे. 'दुसऱ्या' पुढच्या वर्षी बदलू."